गंगामूळच्या रानातली शाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा विचार करणारे पालक आता मराठी शहरांतही भेटतात. होमस्कूलिंग हा शब्दही रुळला आहे. पंडिता रमाबाईंच्या आईवडिलांपुढे मात्र शाळा की घर असा प्रश्नच नव्हता. मुलीला शिकवायचे की नाही, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर द्यायला त्यांना गाव सोडून रानात जावे लागले.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यात असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून आपल्या पत्नीलाही शिकवावे, असे शास्त्रीबुवांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. तिला गोडी नव्हती आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ते मान्य नव्हते. तिच्या निधनानंतर, चाळिशी ओलांडलेल्या शास्त्रीबुवांचा नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. त्या काळाला हे वयाचे अंतर खटकले नाही, खटकले ते पत्नीला शिकवणे. उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रियांनी पुराणे व काव्ये शिकण्यास शास्त्राची मनाई नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधारे पटवून दिले. पुढे तुंगा आणि भद्रा यांच्या उगमाजवळ, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी घर बांधले. तेथे विद्यार्थी येऊन राहत, शिकत आणि जेवत. याच घरात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आल्यागेल्याच्या अन्नदानात शास्त्रीबुवांची मालमत्ता संपली आणि कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून त्यांना रानाबाहेर नेण्यात आले. तेव्हापासून वाट हेच घर आणि तीच शाळा.

वडील वृद्ध झाले होते, दृष्टीही मंदावली होती. त्यामुळे धाकट्या मुलीला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर स्वयंपाक, मुले, पुराणश्रवण यांतून सवड कुठली? म्हणून पहाटे अंधार असतानाच त्या मुलीला उठवीत आणि जवळ घेऊन श्लोकांची संथा देत. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हा क्रम चालला. पुस्तक क्वचितच हाती, भर सारा पाठांतरावर. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. मराठी घरची, तर कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा प्रवासात ऐकून आल्या. थोरल्या मुलीचा बालविवाह सुखाचा ठरला नव्हता, त्यामुळे रमाबाईंच्या लग्नाची घाईही वडिलांनी केली नाही. लक्ष्मीबाई स्वतः कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. रमाबाईंच्या चरित्रात त्यांचे नाव वडिलांच्या मागून येते, ते न्यायाचे नाही.

या शिक्षणाला कुंपणे होती. शास्त्रीबुवांनी पुराणे दिली, व्याकरण दिले, पण वेद दिले नाहीत. रूढीपुढे त्यांनी तेवढी रेघ मानली. पुढे कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी वेदांची प्रत हाती दिली तेव्हा रमाबाई संकोचल्या होत्या. दुसरे कुंपण अधिक जाचक ठरले. पुराणे सांगून मिळणाऱ्या दक्षिणेपलीकडे उपजीविकेचे कोणतेही साधन मुलांना शिकवलेले नव्हते. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणा आटली. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणे जमेना. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई आणि मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. चौथ्या खांद्याच्या जागी रमाबाई उभ्या राहिल्या आणि उंची कमी पडल्याने तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

उरलेली भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, हजारो मैल पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पहाटेच्या त्या अभ्यासाची ही परीक्षा घ्यायला आई हयात नव्हती. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाहही पतीच्या निधनाने १८८२ मध्ये संपला. पदरी कन्या मनोरमा होती. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून उठलेले वादळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९६च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि स्त्रियांना आणून त्यांनी केडगावच्या माळावर वसवले. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. अक्षरओळख सर्वांना होतीच, पण त्यासोबत शेती, विणकाम, तेलघाणी आणि छपाईही होती. गंगामूळच्या शाळेत जे शिकवले गेले नव्हते, ते केडगावात पहिल्यापासून होते.

अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद केला. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ मध्ये.