सुई-दोऱ्याच्या जोरावर बाई स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, हे रमाबाई रानड्यांनी पुण्याला दाखवून दिलं

आज कोथरूडमध्ये एखाद्या सोसायटीत दुपारचा विणकामाचा क्लास भरणं यात नवल काही नाही. कुणी सुयांवर स्वेटर विणतं, कुणी क्रोशाच्या टोप्या करतं, तर कुणी त्याच टोप्यांचे फोटो टाकून ऑर्डरी घेतं. आणि मग एक प्रश्न हमखास येतोच, "घरीच तर केलंय, मग एवढे पैसे कसले?"

बाईच्या हातकामाला दाम असतो, हे पुण्याला पटवून द्यायला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईला संस्थाच काढावी लागली होती. त्यांचं नाव रमाबाई रानडे.

'उंच माझा झोका' ही मालिका आली तेव्हा रमाबाई घराघरात पोचल्या. पण न्यायमूर्ती रानड्यांची लहानगी बायको ही ओळख जितकी लक्षात राहिली, तितकं त्यांनी पुढे केलेलं काम राहिलं नाही.

रमाबाई मूळच्या आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, माहेरचं आडनाव कुर्लेकर. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते आणि पहिली पत्नी वारून थोडेच दिवस झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

रमाबाईंना तोवर अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं, आधी मराठी आणि मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना हे अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, कामाचा रगाडा असं सगळं सोसून रमाबाई शिकल्या. बाईच्या शिक्षणाची खरी लढाई उंबऱ्याच्या आत असते, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं, आणि पुढे त्याचा त्यांना उपयोग झाला.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लबच्या माध्यमातून बायकांसाठी वर्ग सुरू केले. या वर्गांत भाषा आणि सामान्यज्ञान तर होतंच, शिवाय शिवणकाम आणि हस्तकामही होतं.

आता तुम्ही म्हणाल, शिकवायचंच होतं तर शिवण-टिपण कशाला?

तर त्यामागचं गणित असं आहे. त्या काळी बाई शाळेत जाते म्हटल्यावर घरात वादळ उठायचं. पण सुई-दोरा हे आधीपासून बाईचंच काम मानलं जाई. त्याला विरोध करायला कुणाकडे फारसं कारण उरत नसे. शिवाय भांडवलही कमी लागतं. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन घराच्या कोपऱ्यात बसूनही काम होतं. आणि स्वेटर विणायचा तर छातीचं माप, एका इंचात किती टाके, एकूण किती टाके घालायचे, लोकर किती लागेल, हा सगळा हिशोब आलाच. म्हणजे हातकाम शिकताना आकडेमोडही अंगवळणी पडते.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई अजून चाळिशीच्याही झाल्या नव्हत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे एका विधवेने कोपऱ्यात बसून उरलेलं आयुष्य काढावं, अशीच अपेक्षा होती. रमाबाई पुण्याला परतल्या आणि थोड्याच काळात घराबाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या कैदी बायकांना भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर सोबत होते. आणि जागा कुठली? रमाबाईंचा स्वतःचा राहता वाडा.

हे महत्त्वाचं आहे. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याला नेला होता. तिथे जायचं म्हणजे घर सोडून राहायचं. ज्यांना कुणाचाच आधार नव्हता, त्यांच्यासाठी तो मोठाच आसरा होता. रमाबाईंनी मात्र भर शहरात वर्ग काढले. स्वयंपाकपाणी उरकून दुपारी यायचं, शिकायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. जिला घर सोडणं शक्य नव्हतं, तिच्यासाठीही दार उघडलं.

सेवासदनात शिवणकाम, भरतकाम, विणकाम शिकवलं जाई. त्याच्या जोडीने साक्षरतेचे वर्ग होते, शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज होतं आणि नर्सिंगचं शिक्षणही. परक्या माणसाची शुश्रूषा करणं भल्या घरच्या बाईला शोभत नाही, असं मानणाऱ्या पुण्यात विधवा ससून रुग्णालयात शिकायला जाऊ लागल्या.

याचा फरक काय पडला? विधवेचं दुःख नवरा जाण्यापुरतं नव्हतं. दोन वेळच्या जेवणासाठी दीर-भावाच्या तोंडाकडे बघावं लागणं, हे त्याहून मोठं होतं. शिकलेलं काम विकता आलं, किंवा तेच दुसऱ्या चौघींना शिकवता आलं, की हातात चार पैसे येत. त्या चार पैशांनी घरातली तिची जागा बदलायची.

रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलांपुरतं ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मुलींनाही ते मिळावं म्हणून बायकांच्या आंदोलनात त्या पुढे होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

सेवासदन आजही सुरू आहे. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे निघालात की वाटेत एरंडवणं लागतं. तिथे संस्थेची शाळा आहे, आणि बौद्धिक दिव्यांगांना हाताने वस्तू बनवायला शिकवणारी 'दिलासा' कार्यशाळाही आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत सांगितली, तर घासाघीस करण्याआधी एवढं आठवा, की त्या किमतीत लोकरीशिवाय बाईचे तास आणि तिचं शिक्षणही धरलेलं असतं.