भुईमुगासाठी ओळखले जाणारे कार्व्हर शाळेच्या बागेचा एवढा आग्रह का धरायचे?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी माणसाला नवीन नाही. वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातंय. पण नाव निघालं की पहिली आठवण येते ती शेंगदाण्याची. त्यात पीनट बटरचा शोध त्यांनीच लावला असंही ठोकून दिलं जातं. ते खरं नाही. पीनट बटर त्यांच्या आधीपासून होतं.

त्यांचं एक काम मात्र मागे पडलं. लहान मुलांच्या हातात खुरपं देऊन त्यांना माती, झाडं आणि ताटातलं अन्न समजावून सांगण्याचं काम.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, डायमंड नावाच्या गावाजवळ. साल साधारण १८६४. नेमकी जन्मतारीख माहीत नाही, कारण गुलामाच्या पोराची तारीख लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. जॉर्ज तान्हा असताना त्याला आणि त्याच्या आईला गुलाम पळवणाऱ्या टोळीने उचलून नेलं. जॉर्ज परत मिळाला, आई कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुसान कार्व्हर या मालक जोडप्याने त्याला वाढवलं.

पोरगं सतत आजारी. शेतातली जड कामं जमायची नाहीत, म्हणून वाट्याला आलं स्वयंपाकघर, धुणं आणि परसातली बाग. उरलेला वेळ रानात जायचा. फुलझाडांच्या मागे लागणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं तेव्हा लोकांना वाटायचं. त्यामुळे जॉर्जने घरापासून जवळच झुडपांमध्ये स्वतःची लपवलेली बाग केली होती. तिथे तो रोपं लावायचा, आजारी झाडं जगवायचा. हळूहळू शेजारपाजारचे लोक झाडाला काही झालं की या पोराला विचारायला लागले.

पण गावातल्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिकायचं म्हणून तो निओशो गावात गेला आणि मरिया व अँड्र्यू वॉटकिन्स यांच्या घरी राहिला. मरियाबाई सुईण होत्या, औषधी वनस्पतींच्या जाणकार होत्या. पुढे कॅन्ससमधल्या एका कॉलेजने आधी प्रवेश दिला आणि रंग बघून दारातून परत पाठवलं. अखेर १८९१ मध्ये ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयात पोहोचले. तिथले ते पहिले काळे विद्यार्थी आणि नंतर पहिले काळे अध्यापक.

इथेच एक किस्सा घडला. त्यांच्या एका प्राध्यापकांचा मुलगा होता हेन्री, वय सहाच्या आसपास. कार्व्हर त्याला सोबत घेऊन रानात फिरायचे. गवताची जात कशी ओळखायची, फुलाचे भाग कोणते, हे चालता चालता दाखवायचे. हा मुलगा म्हणजे हेन्री ए. वॉलेस. तो १९३३ मध्ये अमेरिकेचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. वनस्पतींची गोडी आपल्याला कार्व्हरनी लावली, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं.

आयोवात नोकरी होती, मान होता. पण १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बोलावलं आणि कार्व्हर अलाबामा राज्यातल्या टस्कीगी संस्थेत गेले.

तिथलं चित्र भयंकर होतं. गुलामी कायद्याने संपली होती, पण काळी कुटुंबं मालकाची जमीन वाट्याने कसत होती. जिकडे बघावं तिकडे कापूस, अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत. वर्षानुवर्षं एकच पीक घेतल्याने जमिनीचा कस गेला होता. खायचं सगळं दुकानातून उधारीवर यायचं. ते खाणं तरी काय? मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. भाजी जवळपास नाहीच. अशा आहारातून पेलाग्रा हा आजार व्हायचा, जो ब-३ जीवनसत्त्व कमी पडल्याने होतो. त्यात कातडी सोलवटते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो, मरतोसुद्धा.

म्हणजे शेतकरी राबत होता शेतात आणि घरातली पोरं कुपोषित होती.

कार्व्हरनी सांगितलं, कापसानंतर चवळी, भुईमूग लावा. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, कस सुधारतो आणि घराला प्रथिनं मिळतात. शिवाय रताळी लावा, दारात भाजीचे वाफे करा. भुईमुगाच्या १०५ पाककृतींची त्यांची पुस्तिका १९१६ ची. १९०६ मध्ये त्यांनी आखलेली घोडागाडी अवजारं आणि बियाणं घेऊन गावोगाव फिरू लागली. फिरती शेतीशाळाच म्हणा ना.

पण मोठ्यांच्या सवयी मोडणं अवघड. त्यात बरेच जण निरक्षर. मग घरात शिरायचा दुसरा रस्ता कोणता? शाळेत जाणारं मूल.

टस्कीगीत शिकलेली मुलंमुली पुढे खेड्यांतल्या शाळांत शिक्षक व्हायची. कार्व्हरनी या शिक्षकांसाठी लिहायला घेतलं. १९१० मध्ये त्यांची पुस्तिका आली, खास खेड्यातल्या शाळांमधला निसर्ग अभ्यास आणि बागकाम या विषयावर. विचार सरळ होता. मुलांना मुळातच कुतूहल असतं, ते पुस्तकात कोंडू नका. शाळेच्या आवारात वाफे करा. बी कसं रुजतं, माती कशी असते, कोणता किडा पिकाचा मित्र आणि कोणता शत्रू, हे मुलांनी स्वतः बघावं. महागडं सामान लागत नाही, रानातलं रोपटं आणि पायाखालची माती पुरते. आणि शाळेत एकदा भाजी पिकवता आली की तेच ज्ञान घरच्या परसात जातं.

हे काम साधं वाटतं, पण त्याला मोठा अर्थ होता. परसात भाजी आली की दुकानदाराची उधारी तेवढी कमी. ज्या कुटुंबाच्या नावावर काहीच नाही, त्याच्यासाठी हा स्वातंत्र्याचा छोटा तुकडा होता.

अर्थात वाफ्यांनी सगळं बदललं नाही. जमीन मालकाचीच राहिली, कर्ज राहिलं, वर्णद्वेषही राहिला. कार्व्हरचे सल्ले पाळणं अनेकांना शक्यच नव्हतं, कारण काय पेरायचं ते मालक ठरवायचा. ही मर्यादा विसरून त्यांना जादूगार ठरवणं त्यांच्यावरही अन्यायच आहे.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत त्यांचं निधन झालं. साधं राहून साठवलेली आयुष्यभराची कमाई त्यांनी संशोधनासाठी दिली होती. त्याच वर्षी मिझुरीतल्या त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. काळ्या अमेरिकन माणसाच्या नावाने झालेलं ते पहिलं राष्ट्रीय स्मारक.

जिथे एका पोराला बाग लपवून करावी लागली होती, ती जागा आज सगळ्यांसाठी खुली आहे. आणि शाळाशाळांत परसबागा करताना आज जे सांगितलं जातं, ते त्या पोराने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी शिक्षकांना लिहून दिलं होतं.