जेन ॲडम्सबाई व दगडाचे हात

अमेरिकेतील शिकागो शहरी महिला उद्यान नावाची एक बाग आहे. तेथे खडबडीत दगडांच्या बैठकींवर काळ्या ग्रॅनाइटचे कोरीव हात ठेविले आहेत. मुख नाही, मस्तक नाही. नुसते हात, काही लहान मुलांचे, काही मोठ्या माणसांचे, काही एकमेकांस धरलेले. हे जेन ॲडम्सबाईंचे स्मारक होय. स्मारक म्हटले की घोड्यावर बसलेला सेनापती आमच्या डोळ्यांपुढे येतो. लढाईविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या ह्या बाईंचे स्मारक असे का, हे समजण्यास त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे.

जेनबाई ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय प्रांतातील सीडरव्हिल गावी जन्मल्या. दोन वर्षांच्या असता त्यांची आई वारली, आणि बालपणीच्या क्षयाने पाठीचा कणा वाकडा झाला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक व अब्राहाम लिंकन यांचे स्नेही होते. दगडांमधून पडणारे पीठ बोटांनी चोळून पाहता पाहता गिरणीवाल्याचा अंगठा चपटा होतो. आपलाही अंगठा बाबांसारखा व्हावा म्हणून ही लहानगी गिरणीत बसून पीठ चोळीत असे.

रॉकफर्ड येथील ज्या सेमिनरीत त्या शिकल्या, तेथे मुलींनी मिशनरी व्हावे असा फार आग्रह होई. जेनबाई त्यास वश झाल्या नाहीत. पुढे मात्र कोणी न सांगता त्यांनी आपल्या गावच्या लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. माणसास ओढून आणणे आणि त्याने आपल्या पायांनी येणे ह्यांतील अंतर उपदेशकांस सांगावयास नको.

१८८१ साली वडील वारले. त्यानंतर कित्येक वर्षे आजारात व प्रवासात गेली. हाती पैसा होता, विद्या होती, पण काम नव्हते. लंडन येथे टॉयन्बी हॉल पाहिला, सुशिक्षित तरुण गरिबांच्या वस्तीत जाऊन राहतात हे पाहिले, आणि मार्ग सापडला. १८ सप्टेंबर १८८९ रोजी एलन स्टार ह्या मैत्रिणीसह त्या शिकागोतील हॉल्स्टेड रस्त्यावरील हल हाऊस ह्या जुन्या घरात राहावयास गेल्या. भोवताली इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, रशियातून आलेले यहूदी असे परके मजूर दाटीने राहत. तेथे बालकांची शाळा व रात्रीचे वर्ग निघाले, कामकरी आयांच्या मुलांसाठी पाळणाघर निघाले. गल्ल्यांतील कचरा उचलला जाईना, तेव्हा १८९५ साली बाईंनी कचरा तपासनिसाची सरकारी नेमणूक पत्करली. पहाटे उठून त्या गाड्यांमागे फिरत. एका अरुंद गल्लीत तर सुमारे दीड फूट घाण उपसल्यावर खाली फरसबंदी सापडली!

१८९६ साली रशियात टॉलस्टॉय यांची भेट झाली. त्यांनी बाईंच्या फुगीर बाहीकडे पाहून, एवढ्या कापडात एका मुलीचा झगा होईल असे म्हटले. बाई वरमल्या, आणि घरी जाऊन रोज दोन तास स्वतः भाकरी भाजण्याचा निश्चय केला. पण परत येऊन पाहतात तो दाराशी गांजलेली माणसे उभी. त्यांस थांबवून आपल्या मनाच्या समाधानासाठी भाकरी भाजणे त्यांस हास्यास्पद वाटले. आमच्या मते येथे शिष्य गुरूहून शहाणा ठरला.

ज्यांचे देश एकमेकांस शत्रू मानीत, ते लोक हल हाऊसभोवती एकाच नळाचे पाणी भरीत होते. गल्लीत जे साधते ते राष्ट्रांत का साधू नये, हा बाईंचा प्रश्न होता. १९१५ साली महायुद्ध पेटले असता हेग येथे स्त्रियांची परिषद भरली. युद्धात गुंतलेल्या देशांतूनही स्त्रिया आल्या, आणि अध्यक्षपद बाईंकडे आले. त्यानंतर त्या अनेक राजधान्यांत जाऊन मंत्र्यांस भेटल्या. परत आल्यावर न्यूयॉर्क येथील भाषणात त्यांनी सांगितले की, संगिनीच्या हल्ल्यापूर्वी शिपायांस उत्तेजक पेय द्यावे लागते असे आपण ऐकले. झाले! वीरांचा अपमान केला म्हणून वर्तमानपत्रे तुटून पडली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हाही त्यांनी मत बदलले नाही. कालपर्यंत ज्यांची स्तुती होई त्या बाई देशद्रोही ठरल्या, आणि जुने स्नेही दूर झाले. ह्या एकटेपणाने त्या फार खचल्या. तरी उपाशी लोकांसाठी धान्य वाचवा असे सांगत त्या देशभर हिंडल्या, आणि १९१९ साली पराभूत जर्मनीतील भुकेली मुले पाहावयास गेल्या. १९२३ साली त्या हिंदुस्थानातही आल्या. त्या वर्षी गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते.

१९३१ साली नोबेल शांतता पारितोषिक त्यांस विभागून मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्या वारल्या. सीडरव्हिल येथील त्यांच्या कबरेच्या दगडावर नाव, हल हाऊस आणि स्त्रियांचा शांतता संघ एवढेच आहे. पारितोषिकाचा उल्लेख नाही.

दगडाचे हात लुईस बूर्ज्वा ह्या शिल्पकार बाईंनी घडविले. एका बाईची मूर्ती न करता, तिने ज्यांची सेवा केली त्या अनेकांचे हात त्यांनी कोरले. १९९६ साली ते मिशिगन सरोवराच्या काठी बसविले. पुढे कोणी त्यांची नासधूस केली, म्हणून २००६ साली ते काढून घ्यावे लागले. दुरुस्तीनंतर २०११ साली ते हल्लीच्या बागेत आले. एके काळी शिकागोच्या धनिकांचे वाडे ज्या प्रेअरी मार्गावर होते, तेथेच ही बाग आहे.