अगाथा ख्रिस्ती : दिवाणखान्यातील रहस्याची लेखिका

१. प्रस्तावना

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार तुम्हांला अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. साहस, पाठलाग आणि वेषांतर यांवर त्या कथा उभ्या आहेत. प्रस्तुत घटकात आपण रहस्यकथेच्या एका निराळ्या वळणाचा परिचय करून घेणार आहोत. या कथांत खून होतो तो खेड्यातील एखाद्या घरात, पाद्र्याच्या अभ्यासिकेत किंवा मुलींच्या शाळेत. रक्तपाताचे वर्णन जवळजवळ नसते. संशयित मोजकेच असतात आणि गुन्हेगार त्या ओळखीच्या माणसांपैकीच एक निघतो. शोध घेणारी व्यक्ती पिस्तुलापेक्षा निरीक्षणावर विसंबते. इंग्रजीत अशा कथांना ‘कोझी’ म्हणतात. आपण त्यांना घरगुती वळणाच्या रहस्यकथा म्हणू.

या प्रकाराला जगभर वाचक मिळवून देणाऱ्या लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा. या लेखिकेला नियमित शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. जे मिळाले, त्याचा हेतू तिला दिवाणखान्याची शोभा बनवण्याचा होता. मग माणसांच्या वागण्याआडचे सत्य टिपणारी दृष्टी तिला कोठून लाभली?

२. ॲशफील्डमधील बालपण

अगाथा मिलर हिचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. ॲशफील्ड हे तिचे राहते घर. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन होते आणि वडिलोपार्जित उत्पन्नावर निवांत जगत होते. मॅज ही बहीण आणि मॉन्टी हा भाऊ तिच्याहून बरेच मोठे असल्याने अगाथा एकटीच खेळे आणि काल्पनिक सवंगडी निर्माण करी.

मुलाने आठ वर्षांचे होईपर्यंत वाचायला शिकू नये, असे तिची आई क्लारा हिचे त्या काळी मत होते. अगाथा मात्र पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली. अक्षरांऐवजी शब्दांच्या आकारावरून वाचायला शिकल्यामुळे तिचे शुद्धलेखन जन्मभर कच्चे राहिले. १९०१ मध्ये, ती अकरा वर्षांची असताना वडील वारले आणि घराची आर्थिक स्थिती खालावली. पुढे टॉर्कीतील एका मुलींच्या शाळेत तिने काही काळ शिक्षण घेतले.

३. पॅरिस : शोभेचे शिक्षण

१९०५ मध्ये आईने तिला पॅरिसला पाठवले. तेथे एकामागून एक अशा तीन निवासी शाळांत ती राहिली. या शाळा ‘फिनिशिंग स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील होत्या. ही संज्ञा नीट समजून घ्या. सुस्थितीतील घरांतील मुलींना विवाहापूर्वी समाजात वावरण्यासाठी तयार करणे, हे अशा शाळांचे काम असे. फ्रेंच भाषा, पियानो, गायन, नृत्य, चित्रकला आणि शिष्टाचार हे तेथील मुख्य विषय. भावना चेहऱ्यावर दिसू न देणे आणि वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत न दाखवणे, हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. पण त्या काळच्या संभावित घरांत आणि अशा शाळांत मुली ते सर्वांत पक्के शिकत.

अगाथाचे मन संगीतात रमले. गायिका वा पियानोवादक होण्याचे स्वप्न तिने पाहिले. परंतु लोकांसमोर वाजवायची वेळ आली की तिचा धीर सुटे. आपला स्वभाव व्यासपीठाचा नाही, हे तिने ओळखले. परतल्यावर आईच्या प्रकृतीसाठी दोघींनी १९०७-०८ चा हिवाळा कैरोत काढला. तेथील नृत्यसमारंभांतून अगाथाचा समाजप्रवेश झाला. तिच्यासारख्या मुलीच्या आयुष्याचा पुढचा टप्पा म्हणजे विवाह. १९१२ मध्ये आर्चिबाल्ड ख्रिस्ती या तरुण अधिकाऱ्याशी तिची भेट झाली आणि महायुद्ध सुरू झाल्यावर, २४ डिसेंबर १९१४ रोजी, ते विवाहबद्ध झाले.

४. औषधालय : प्रौढ वयातील शिक्षण

युद्धकाळात टॉर्कीच्या नगरभवनात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले होते. अगाथाबाईंनी तेथे प्रथम परिचारिकेचे आणि पुढे औषधालयातील काम केले. रेडक्रॉसच्या नोंदीनुसार त्यांची सेवा सुमारे ३,४०० तासांची भरते. औषधे तयार करून देण्यासाठी लागणारी परीक्षा त्या १९१७ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना वर्षाला १६ पौंड वेतन मिळू लागले. नोकरी सांभाळून परीक्षेला बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांना या टप्प्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मोजमाप, प्रमाण, कोणते द्रव्य कशात मिसळले असता घातक ठरते, हे सारे त्या वयाच्या पंचविशीनंतर शिकल्या.

या शिकवणीच्या काळातील एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. गावातील एक अनुभवी औषधनिर्माता त्यांना धडे देत असे. एकदा त्याने औषधाच्या वड्या तयार केल्या, तेव्हा दशांशचिन्हाची जागा चुकून मात्रा कितीतरी पट वाढल्याचे त्यांच्या ध्यानात आले. शिकाऊ तरुणीने एवढ्या प्रतिष्ठित माणसाची चूक दाखवणे शिष्टाचारात बसत नव्हते. वड्या रुग्णाकडे जाऊ देणेही शक्य नव्हते. त्यांनी अडखळल्याचे निमित्त केले, वड्या खाली पाडल्या आणि पायाखाली चिरडल्या. मग स्वतःच्या वेंधळेपणाबद्दल क्षमा मागितली. वड्या नव्याने कराव्या लागल्या. नम्र, दुर्लक्षित स्त्री सर्व काही पाहते आणि गाजावाजा न करता अनर्थ टाळते, ही पुढील साहित्यात दिसणारी वृत्ती येथे प्रत्यक्ष जीवनात आढळते.

बहीण मॅजने एकदा त्यांना आव्हान दिले होते की, रहस्यकथा लिहिणे तुला साधणार नाही. औषधालयातील निवांत वेळी ते आव्हान त्यांना आठवले. भोवती विषांची कपाटे होती, म्हणून कथेतील खून विषप्रयोगाने करायचे ठरले. टॉर्कीत बेल्जियन निर्वासित आले होते, म्हणून गुप्तहेर बेल्जियन झाला. तोच हर्क्यूल पॉयरो. डार्टमूरच्या माळावरील एका हॉटेलात पंधरवडाभर राहून त्यांनी कादंबरी पूर्ण केली. काही प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ हे पुस्तक १९२० मध्ये अमेरिकेत आणि पुढील वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून लेखिकेच्या हाती अवघे २५ पौंड पडले.

विषांचे हे ज्ञान वरवरचे नव्हते. १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत त्यांनी थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे वर्णिली. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात एका बालिकेच्या आजाराचे निदान होत नव्हते, तेव्हा ही कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने ती लक्षणे ओळखली.

५. १९२६ : मौनाचे वर्ष

१९२६ मध्ये ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ने लेखिकेला मोठी कीर्ती दिली. त्याच वर्षी आईचे निधन झाले आणि पतीने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम जडल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री त्या घरातून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मोटार सरे परगण्यात बेवारस सापडली. पोलीस आणि हजारो स्वयंसेवक शोध घेऊ लागले. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट येथील हॉटेलात आढळल्या. तेथे त्यांनी नाव नोंदवले होते ते पतीच्या प्रेयसीच्या आडनावाचे. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले; वृत्तपत्रांनी मात्र प्रसिद्धीचा डाव असल्याचा संशय घेतला.

त्यांच्या आत्मचरित्रात या अकरा दिवसांचा उल्लेखही नाही. दुःख चारचौघांत मांडू नये, ही लहानपणापासूनची शिकवण त्यांनी अखेरपर्यंत पाळली. त्यांच्या कादंबऱ्यांतील शिष्ट, हसतमुख माणसे वाचताना हे ध्यानात ठेवा. चेहऱ्यावरील सौजन्य आणि आतील वेदना यांतील अंतर लेखिकेने स्वतः भोगले होते.

६. दुसरे आयुष्य

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्या ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्याच बगदादकडे निघाल्या. इराकमधील ऊर येथील उत्खननस्थळी १९३० मध्ये त्यांना पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. पुढे निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंवरील माती त्यांनी विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम वापरून हळुवारपणे काढली. १९३० मध्येच मिस मार्पलची पहिली कादंबरी आली. विणकाम आणि बागकाम करणारी ही वृद्ध अविवाहिता कोणाच्या खिजगणतीत नसते, म्हणूनच सारे तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात आणि ती ऐकत राहते.

७. मेडोबँक : मुलींच्या शाळेतील खून

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी ‘कॅट अमंग द पिजन्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. कथेचे स्थळ आहे मेडोबँक ही इंग्लंडमधील मुलींची नामांकित निवासी शाळा. येथे राजघराण्यातील मुलीही शिकतात. एका रात्री क्रीडागृहात दिवा दिसतो आणि क्रीडाशिक्षिकेचा गोळी घालून खून झाल्याचे उघड होते. मध्यपूर्वेतील एका काल्पनिक राज्यातून गुपचूप बाहेर काढलेली रत्ने या शाळेशी जोडली गेलेली आहेत. गुन्हेगार कोण, हे येथे सांगत नाही; तो शोध वाचकाचा आहे.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मुख्याध्यापिका मिस बुल्स्ट्रोड. निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्या उत्तराधिकारी शोधत आहेत. शाळा आहे तशीच जपणारी व्यक्ती निवडावी की तिला नवी दिशा देणारी, हा त्यांच्यापुढील पेच खुनाच्या तपासाइतकाच कथेत वावरतो. खुनांमुळे पालक मुलींना घरी नेऊ लागतात, तेव्हा पणाला लागते ती एका स्त्रीने उभारलेली संस्था. दुसरी बाब म्हणजे ज्युलिया ही विद्यार्थिनी. टेनिसच्या एका रॅकेटमध्ये कोणाला एवढे स्वारस्य का असावे, असा प्रश्न तिला पडतो. ती स्वतः विचार करून उत्तर शोधते आणि मग शाळेतून निघून थेट लंडनला पॉयरोकडे जाते. तोवर कादंबरीचा बराचसा भाग उलटलेला असतो. विख्यात गुप्तहेराच्या हाती दुवा येतो तो एका शाळकरी मुलीच्या तर्कामुळे.

पॅरिसच्या शाळांत मुलींनी कसे दिसावे, हे अगाथाला शिकवले गेले होते. पन्नास वर्षांनंतर तिने कल्पिलेल्या शाळेत एका मुलीची खरी कसोटी लागते, ती काय पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ कसा लावावा, यात. शिष्टाचाराच्या जगाचा त्यांनी उपहास केला नाही. ते जग त्यांना आतून ठाऊक होते आणि प्रियही होते. त्याच्या शांत पृष्ठभागाखाली लोभ, मत्सर आणि भय असू शकते, एवढे मात्र त्यांनी कधी नजरेआड होऊ दिले नाही.

८. समारोप

१९७१ मध्ये ब्रिटिश शासनाने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ६६ रहस्यकादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, नाटके आणि मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने लिहिलेल्या सहा सामाजिक कादंबऱ्या एवढी त्यांची साहित्यसंपदा आहे. ‘द माउसट्रॅप’ हे त्यांचे नाटक १९५२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि २०२० च्या साथीतील खंड वगळता सतत चालू राहिले.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता पुन्हा वळा. दिवाणखान्यात गप्प बसून पाहण्याची सवय, औषधालयात कमावलेला काटेकोरपणा आणि स्वतः सोसलेले दुःख, या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात एकत्र आल्या. त्यांपैकी शाळेचा वाटा किती आणि आयुष्याचा किती, याचा निर्णय तुम्ही त्यांची एखादी कादंबरी वाचून करावा.

स्वाध्याय

१. घरगुती वळणाच्या रहस्यकथेची वैशिष्ट्ये सांगून अर्नाळकरांच्या कथांशी त्यांची तुलना करा.

२. औषधालयातील अनुभवाचा अगाथा ख्रिस्ती यांच्या लेखनावर झालेला परिणाम उदाहरणांसह स्पष्ट करा.

३. रहस्यकथेसाठी निवासी शाळा हे स्थळ का सोयीचे ठरते, याविषयी तुमचे मत मांडा.

४. कामाच्या ठिकाणी तुम्ही स्वतः शिकलेल्या एखाद्या कौशल्याविषयी दहा ओळी लिहा.