उलटी गिटार

लहानपणी डाव्या हाताने लिहितो म्हणून मी छड्या खाल्ल्या. म्हणूनच जिमी हेंड्रिक्स मला जवळचा वाटतो. १९४२ साली अमेरिकेतील सिएटल शहरी एका गरीब कृष्णवर्णीय घरात तो जन्मला. कचऱ्यात मिळालेल्या एकाच तारेच्या युकुलेलेवर त्याने सूर शोधले. १९५९ मध्ये वडिलांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. पण ती उजव्या हाताची! त्याने ती उलटी धरली. जाड तार पुन्हा वर यावी म्हणून साऱ्या तारा सोडवून उलट क्रमाने चढवल्या, खुंट्या पिळून सूर लावले. १९६९ साली वुडस्टॉकला अशाच उलट्या गिटारीने त्याने हजारोंना थक्क केले. १९७० मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इथले पुष्कळसे मला उजव्या हाताचेच वाटते. पण तारा बदलता येतात, हे आता मला कळले आहे.