ब्रुनेल आणि अपुरा राहिलेला पूल

आपल्या तुकडीतले बरेच जण इंजिनिअर झाले. मीही नोकरीची सगळी वर्षे पुलांच्या कामावर काढली. या स्मरणिकेत यशाच्या गोष्टी पुष्कळ असतील, म्हणून मी इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंग्लिश इंजिनिअरविषयी लिहितो आहे. त्याचे यश मोठे होते आणि अपयशही.

ब्रुनेलचा जन्म १८०६ सालचा, पोर्ट्समथचा. वडील मूळचे फ्रेंच. थेम्स नदीखालून ते बोगदा खणत होते, त्यावर हा विशीतच देखरेख करू लागला. १८२८ मध्ये नदीचे पाणी आत घुसले. सहा कामगार दगावले, तो स्वतः जबर जखमी झाला. १८३३ साली, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर झाला आणि त्याने लंडन-ब्रिस्टल मार्ग बांधला. १८४३ मध्ये त्याचे ‘ग्रेट ब्रिटन’ पाण्यात उतरले. लोखंडी बांधणीचे आणि स्क्रू प्रोपेलरवर चालणारे ते पहिले मोठे महासागरी जहाज.

डेव्हनमध्ये मात्र तो हरला. रुळांमधल्या नळीतली हवा पंपाने ओढून, इंजिनाशिवाय गाडी पळवायचा तो प्रयोग होता. नळीची फट झाकणारी चामड्याची पट्टी टिकेना, हवा गळू लागली. १८४८ मध्ये हे बंद करा, असा सल्ला त्यानेच कंपनीला दिला. असे सांगणे पूल बांधण्याहून अवघड असते, हे मी नोकरीत पाहिले आहे.

६९२ फूट लांबीच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने त्याला पार थकवले. १८५९ साली, ५३व्या वर्षी, तो गेला. प्रवासी जहाज म्हणून ते तोट्यातच राहिले. पण १८६६ मध्ये त्याच जहाजाने अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली आणि १८७० मध्ये मुंबई ते एडन.

ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनचा झुलता पूल त्याने तरुणपणी आखला होता. पैशांअभावी तो अर्धवट पडला होता. ब्रुनेल गेल्यावर त्याचे स्मारक म्हणून इतर इंजिनिअरांनी तो पुरा करायला घेतला. लंडनमधला त्याचाच एक पूल पाडला जात होता, त्याच्या साखळ्या आणून इथे बसवल्या. १८६४ साली ७०२ फुटांचा तो पूल खुला झाला. आजही त्यावरून मोटारी जातात.

शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून द्यायची म्हणून धडपडणारा आपला मित्र गेल्या वर्षी गेला. काम जोत्यापर्यंत आले आहे. पुढचे आपल्याकडे आहे.