मारी ड्रेसलर

रंगभूमीवरील नायिका म्हटली म्हणजे ती रूपवान व तरुण असावयाचीच, अशी बहुतेकांची समजूत असते. मारी ड्रेसलर हिच्या अंगीं रूप नव्हतें. बांधा स्थूल, चेहरा रुंद. आणि साठी उलटल्यावर, १९३२ व १९३३ या दोन सालीं, अमेरिकेंतील चित्रपटगृहांच्या चालकांनीं प्रेक्षक खेचणाऱ्या नटनटींत तिला पहिला क्रमांक दिला.

तिचें मूळ नांव लीला मारिया केर्बर. ९ नोव्हेंबर १८६८ रोजीं कॅनडांतील कोबर्ग येथें तिचा जन्म झाला. वडील संगीताचे शिक्षक होते व चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. चौदा वर्षांची असतां ती फिरत्या नाटकमंडळींत शिरली, तेव्हां वडिलांनीं कुळाचें नांव रंगभूमीवर आणूं दिलें नाहीं. म्हणून तिनें नात्यांतील एका बाईचें नांव घेतलें. आमच्याकडील पालकांस यांत नवल वाटणार नाहीं!

पुढें न्यूयॉर्कमध्यें १८९६ सालीं ‘द लेडी स्लेव्ही’ व १९१० सालीं ‘टिलीज नाइटमेअर’ या नाटकांनीं तिचा जम बसला. १९१४ सालीं याच टिलीच्या भूमिकेवरून मॅक सेनेट यांनीं मूकपट काढला. त्यांत चार्ली चॅप्लिन होता, पण तो तेव्हां नवखा. मुख्य मान तिचा होता.

१९१९ सालीं न्यूयॉर्कच्या नटांनीं संप केला. नाटकांत घोळक्यानें गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींस तालमींचे आठवडेच्या आठवडे वेतन मिळत नसे. त्यांचा निराळा संघ निघाला व त्याची पहिली अध्यक्ष मारी झाली. स्वतः तिला यांतून कांहीं मिळवावयाचें नव्हतें. संप यशस्वी झाला. परंतु मालकांची मर्जी गेली, वयही पन्नाशीपलीकडे गेलें, आणि पुढें पुढें काम मिळेनासें झालें. १९२७ च्या सुमारास ती जवळजवळ निष्कांचन होती.

अशा वेळीं फ्रान्सिस मॅरियन ही चित्रपटलेखिका धांवून आली. ती तरुण बातमीदार असतां मारीनें तिला मोठ्या अगत्यानें मुलाखत दिली होती. तो उपकार ती विसरली नव्हती. तिनें मारीसाठीं खास कथा लिहिली. तो चित्रपट आयरिश लोकांच्या रोषामुळें मागें घ्यावा लागला, तरी मॅरियननें हात सोडला नाहीं. १९३० सालीं ग्रेटा गार्बोच्या पहिल्या बोलपटांत, ‘अॅना ख्रिस्ती’मध्यें, मारीनें दारुड्या म्हातारीची लहानशीच भूमिका केली आणि सर्वांचें लक्ष वेधलें. त्याच वर्षीं ‘मिन अँड बिल’ निघाला. धक्क्यावर खाणावळ चालविणारी मिन टाकून दिलेली एक पोर वाढविते. पुढें त्या मुलीच्या सुखावर तिची जन्मदातीच उठते, तेव्हां मिन तिच्यावर गोळी झाडते. शेवटीं लग्न होऊन मुलगी बोटीनें निघते. शिपाई मिनला धरून नेत असतात, आणि तिच्या तोंडावर समाधानाचें हंसें असतें. आमच्या मतें तिची सारी विद्या या एका हंसण्यांत आहे. या कामाबद्दल १९३१ सालीं तिला अकॅडमीचें पारितोषिक मिळालें. ‘डिनर अॅट एट’ हा १९३३ चा.

तोंपर्यंत कर्करोगानें तिला ग्रासलें होतें. २८ जुलै १९३४ रोजीं सँटा बार्बरा येथें ती वारली. वीस वर्षें सेवा केलेल्या कृष्णवर्णीय दासीस तिनें मृत्युपत्रानें ३५,००० डॉलर व त्या दासीच्या पतीस १५,००० डॉलर दिले. कृष्णवर्णीय प्रवाशांस त्या काळीं उतरावयास जागा मिळणें कठीण असे. ती सोय या पैशांतून व्हावी, अशी तिची इच्छा होती. त्या पतिपत्नींनीं १९३६ सालीं जॉर्जिया संस्थानांतील सव्हाना शहरीं करमणुकीचें एक स्थळ व शेजारीं प्रवाशांसाठीं खोल्या उघडल्या.